एकदाच विचारलं

अख्ख्या घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, बाजारात आमच्या हेडीमामांइतका खरा माणूस नव्हता, आणि ज्याच्या बोलण्यावर कुणाचाच भरवसा नाही असाही दुसरा माणूस नव्हता. हेडी म्हणजे जनावरांच्या सौद्यातला दलाल. शिरूरला बाजार भरला की विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, उपरण्याखाली दोघांची बोटं दाबून भाव जुळवायचा आणि बैलाची ग्वाही द्यायची, हा त्यांचा धंदा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, मामांनी ती सोडून हा उद्योग धरला, आणि माझं मत विचाराल तर मेंढरांचंच नशीब थोर, की ती या सत्यवाद्याच्या हातून सुटली. कारण बाजाराचा एक नियम होता. हेडीनं केलेली स्तुती निम्मी करून ऐकायची आणि त्यानं कबूल केलेली खोड दुप्पट करून. मामा स्तुती करतच नसत, नुसत्या खोडी सांगत. "डाव्या पायानं वाईच अडखळतो," ते प्रामाणिकपणे म्हणाले, की लगेच गिऱ्हाईक सोबत्याला कोपरानं ढोसे. "हेडीच वाईच म्हनतोय! म्हंजी पाय लाकडाचा असंल." मग तोच प्रश्न उलटसुलट दहादा विचारून, दहाही वेळा तेच उत्तर ऐकून, माणसं शेजारच्या हेडीकडं जात आणि त्यानं शपथेवर निर्दोष म्हटलेला मारका बैल आनंदानं घरी नेत.

मी कोकणातल्या खाडीकाठचा. सहावीत शाळा सुटली, पुढं काही वर्षांनी रस्त्याच्या कामावर निघालेल्या एका नातलगाच्या मागं इकडं आलो. नातलग पुढं निघून गेला, मी इथंच राहिलो. गावात आई एकटी. मामांनी मला ओसरीवर जागा दिली, मामींनी भाकरी दिली, आणि मी जनावरांना कडबा घालू लागलो. त्या घराचे उपकार मोजून संपायचे नाहीत. पण त्या काळात मला सगळ्याचीच भीती वाटे, आणि मामांच्या जिभेची जास्त. शेजारच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मामांनाच गाठून चौकशी केली. मामा म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. रागाला आली तर भांडी फेकती, पन नेम लागत न्हाई." पाहुणे चहासुद्धा न पिता उठले. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं, कुनी इचारलं तर गप बसायचं काय घ्याल?" त्यावर मामांचं उत्तर, "ते मला जमायचं न्हाई. हे मी बघितल्यालं हाय."

न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मात्र मामांच्या तोंडून एक अक्षर निघत नसे. "नदीला पानी हाय का मामा?" "सकाळी व्हतं. आत्ताचं मी बघितलं न्हाई." एकदा दावणीशी बसून त्यांनी मला समजावलं, "खात्री डोळ्यांची आस्ती, पोरा. भरवसा मानसाचा आस्तो. बैल बघून घेतला ती खात्री. माज्या शब्दावर घेतला त्यो भरवसा. हितं खात्री समदी करत्यात. भरवसा कुनी करत न्हाई." मी करत होतो. सगळा बाजार त्यांना दहादा विचारी, मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आणि अशा माणसाची ग्वाही मला लागली! दौंडच्या मालधक्क्यावर एका कंत्राटदाराला पोती उतरवून घ्यायला माणूस हवा होता. कायमचं काम, राहायला खोली. आईला आणता आलं असतं. ओळखीचा कुणीतरी शब्द द्यायला हवा होता, आणि त्या मुलखात मला मामांशिवाय कोण होतं? कंत्राटदारानं विचारलं, "पोरगा कसा आहे? घरचं कसं काय?"

"घर मी बघितल्यालं न्हाई," मामा म्हणाले. "माज्याकडं चोरी केली न्हाई. फुडं करनार न्हाई आसं कसं सांगू? भितं लई. झोपंत रडतं."

कंत्राटदारानं हात जोडले. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो. सगळं संपलं असंच वाटत होतं. मामांनी परतीचं तिकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "तुज्या गावाला कंची गाडी जाती रं?"

आणि ते खरोखर गेले! उमेदीत एक बाजार न चुकवलेला माणूस, समुद्र कधी न पाहिलेला, बैल तपासायला जावा तसा माझं घर तपासायला कोकणात गेला. परत आले तेव्हा धुळीनं भरले होते. "घर बघितलं," म्हणाले. "कौलं बदलाय हवीत. हिरीचं पानी खारट." मी विचारलं, "आई बरी आहे ना?" मामा वाकून बैलाचा खूर बघू लागले. "बरी हाय," म्हणाले. माझ्या जिवाचा घोर त्या क्षणी मिटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दौंडला ग्वाही दिली. "घर बघून आलोय. इमानी मानसं हायती." काम मिळालं. खोलीत मी आईसाठी चूल मांडून ठेवली.

ती चूल पेटण्याआधीच एका दुपारी मामा मालधक्क्यावर आले आणि पोत्यांच्या थप्पीआड उभे राहिले. "तुजी आई गेली," म्हणाले. "कार्ड माज्या पत्त्यावर आलं. मी गेलो तवाच ती हातरुनाला खिळली व्हती. नोकरी लागंस्तवर पोराला सांगू नगा, म्हनाली. शब्द घेतला माज्याकडनं."

दुसऱ्या कुणी "बरी आहे" म्हटलं असतं तर माझ्यासारख्या भित्र्यानं त्याच संध्याकाळी गाडी धरली असती. मी थप्पीवरचं एक पोतं उगाच सरळ केलं. ज्यानं भाकरी दिली, नोकरी दिली, त्याला काय बोलणार? मामाच माझा हात धरून पुटपुटले, "परत येकदा इचारायचं व्हतंस, पोरा. दुसऱ्या बारीला मला जमलं नसतं."

पुढं मामा बाजाराला जात राहिले, पण ग्वाही त्यांनी सोडली. बैल कसा आहे असं कुणी विचारलं तर म्हणत, "तुमीच बघा." गिऱ्हाइकांना वाटे, आता हेडी पक्का धंदेवाला झाला. आता मामा नाहीत, मामी नाहीत. माझी पोरं परगावाहून आली की मी विचारतो, बरं आहे ना? ती म्हणतात, बरं आहे. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारतो. ती वैतागतात, "बाबा, सांगितलं की एकदा!" सांगितलं खरं. तरी दिवेलागणीला मी परत विचारतोच.