तिले तरास नको

पुण्याला नोकरीसाठी निघाले तेव्हा पारोळ्याच्या स्टँडवर नाना, म्हणजे माझे वडील, एसटीच्या खिडकीखाली उभे होते. गाडी हलली तसे चार पावलं सोबत चालत आले आणि म्हणाले, "तठे कोनले तरास दिऊ नको, बाई." वेळेवर जेव, जपून राहा, यातलं काही नाही. आमच्या घरात माणूस चांगला की वाईट हे याच एका मापाने ठरत असे: त्याचा दुसऱ्याला तरास होतो का.

पुण्यात मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. दिवसभर शब्दांशीच गाठ. नानांच्या एका 'तरास'साठी लिहिण्याच्या मराठीत किती शब्द आहेत, ते तिथे कळलं. पत्रात 'तसदीबद्दल क्षमस्व' असतं, नोटिशीत 'उपद्रव' असतो. 'कटकट' मात्र आपण घरच्या माणसांसाठी राखून ठेवतो. परक्या माणसाला तोंडावर तसं म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही.

थंडी सुरू झाली की नाना भरताच्या वांग्यांचा खोका पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देत. आधी त्याला म्हणत, "तुले तरास देस, भाऊ," आणि चार वांगी त्याच्या सीटमागे ठेवत. सकाळी सहाला नाशिक फाट्यावर जाऊन तो खोका मी उतरवून घ्यायचा. एका वर्षी खोक्यात पऱ्हाटीची जुडी निघाली. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. आमच्याकडे भरताची वांगी त्यावरच भाजतात. फोनवर नाना म्हणाले, "ग्यासवर भाजेल भरीतले काय चव ऱ्हास?" तिसऱ्या मजल्यावर काड्या पेटवायच्या कुठे, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

मलाही मोह झाला, हे कबूल करायला हवं. बाल्कनीत घमेल्यात जाळ केला. धूर सरळ वरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेला. दोन दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं: 'इतर सभासदांना होणारा उपद्रव त्वरित थांबवावा.' सवयीने मी त्यात शुद्धलेखनाची चूक शोधली. नव्हती. सेक्रेटरींची माफी मागितली, वरच्या काकूंची मागितली, आणि घरात येऊन नानांना फोन लावला.

"काय ही कटकट लावली आहे नाना, दरवर्षी! इथे सगळं मिळतं."

पलीकडून नाना म्हणाले, "बरं बाई. आते बंद."

आणि खरंच बंद. खोका तर नाहीच, फोनसुद्धा फक्त रविवारी, आणि त्याची सुरुवातच अशी: "काममा शे का? मंग ठेवस." मला ते सोयीचं वाटलं. गाव सोडून आलेले जे कुणी हे वाचत असतील, त्यांना ही सोय ओळखीची असेल.

यंदा होळीच्या आधी एका रविवारी असाच फोन आला. मागे चाकांचा खडखडाट होता, कुणी बाई मोठ्याने नावं पुकारत होती.

"कुठे आहात नाना?"

"बाजारमा शे."

आवाजात धाप होती. पुढे विचारायला हवं होतं. पण सोमवारी द्यायची मुद्रितं टेबलावर पडली होती. "मग ठेवू?" या वेळी ते मी म्हणाले.

ते धुळ्याच्या दवाखान्यातून बोलत होते. बुधवारी गेले.

घरी पोचले तेव्हा अक्काने, नानांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या तोंडावरून हात फिरवला. "तुले सांगाले फोन हातमा लिधा व्हता मी," ती म्हणाली. "नाना म्हने, ऱ्हाऊ दे. तिले तरास नको."

सांत्वनाला लोक येत होते, दारापुढच्या सतरंजीवर थोडा वेळ बसून जात होते. त्यांत ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हरही आला. "थंडीत नाना यायचे, ताई," तो म्हणाला. "खोका नसायचा. गाडी सुटेपर्यंत उभे राहायचे. विचारायचे, पुण्याले थंडी कशी शे?" मग त्याने चहा घेतला. मला तो घेता आला नाही.

आता त्या घरात अक्का एकटी आहे. मी तिला रोज सकाळी फोन करते. रात्री जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, पुन्हा पुन्हा तेच. बरेच दिवस तिने ऐकून घेतलं. काल मात्र म्हणाली, "सकायमा सकायमा काय कटकट लाई दिन्ही व बाई तू!"

नाना थांबले होते ती हीच जागा. 'बरं, आता बंद' असं म्हणणं किती सोपं असतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"आयकस का?" पलीकडून अक्का म्हणाली, आणि शेजारची म्हैस व्याली त्याची हकिकत सुरू केली. रेडकू कसं अडलं, चीक कुणाकुणाला वाटला, आपल्याला किती कमी आला. मध्येच म्हणाली, परसात पऱ्हाटी रचून ठेवली शे, थंडीत ये, वांगी आठेच भाजू.

माझं घर कुठे आहे, असं आता कुणी विचारलं तर मला ते दहा मिनिटांचं बोलणं आठवतं. शब्द तोच होता, मी वापरलेला. तो म्हणून झाल्यावर अक्काने फोन ठेवला नाही.