मुझी झोंदीने सांगितलेली जागा

मुझी झोंदीकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात. आमच्याकडे कार्याच्या दिवशी पुरुष गुरांच्या गोठ्यात गोल करून बसतात. वयाप्रमाणे मांस वाटलं जातं, ज्वारीच्या बिअरचं मडकं हातोहात फिरतं. मुझी त्या गोलात बसला नव्हता. फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभा होता आणि बसलेल्यांपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडेच जास्त बघत होता. माझा चुलतभाऊ म्हणाला, "बस की रे मुझी. इथे तुला कोणी अटक करणार नाही." सगळे हसले. मुझीही हसला, पण बसला नाही. मडकं त्याच्याकडे सगळ्यात शेवटी आलं, तेव्हा तळाशी गाळच उरला होता. तो तेवढं प्यायला आणि मडकं दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवलं.

गोऱ्यांच्या राज्यात तो सुरक्षा पोलिसांच्या खास शाखेत होता. त्या काळी त्याच्या घरावरून जाताना लोक बोलणं थांबवत. राज्य बदललं, त्याने नोकरी सोडली, एक जुनी गाडी घेतली आणि गावातला माल वाहू लागला: गॅसची नळकांडी, भाजी, बकऱ्या, कधी शवपेटी. पँटला कडक इस्त्री असायची आणि तो कधी हॉर्न वाजवत नसे. कोणाच्या दारात माल उतरवला की फाटक आठवणीने लावून घ्यायचा.

त्याच्याच आळीत मामबाथा राहते. मी गावच्या शाळेत शिक्षक; तिचा एकुलता एक मुलगा स्कुम्बुझो माझ्या वर्गात शिकला. गणितात कच्चा, पण गळा गोड. मोठा झाल्यावर तो गोऱ्यांच्या राज्याविरुद्ध लढणाऱ्या संघटनेची पत्रकं वाटायला लागला. एका हिवाळ्यात त्याला रस्त्यावरून गाडीत घालून नेलं, आणि तो परत आला नाही. कुठे विचारलं तरी एकच उत्तर: असा कोणी आमच्याकडे नव्हता.

पुढे माफीचा कायदा आला. राजकारणापायी केलेला गुन्हा जो सगळाच्या सगळा सांगेल, काही हातचं राखणार नाही, त्याला माफी. मुझीने आणि त्याच्या शाखेतल्या आणखी तिघांनी, एक कॅप्टन आणि दोन सार्जंट, स्कुम्बुझोच्या खुनासाठी माफी मागितली. सुनावणीला मी मामबाथाबरोबर डर्बनला गेलो. मुझी आमच्या भाषेत बोलला, मान वर करून. कोणी मारलं, कशाने मारलं, आपण पाय धरले होते, मुलाने पाणी मागितलं आणि ते दिलं नाही, सगळं त्याने सांगितलं. शेजारी मामबाथा हातरुमालाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. शेवटी तो म्हणाला की प्रेत थुकेला नदीच्या मुखाशी पाण्यात सोडलं. कॅप्टन आणि दोघे सार्जंटही जवळजवळ त्याच शब्दांत तेच म्हणाले. चौघांना माफी मिळाली.

मामबाथाने विरोध केला नाही. आता कुठे जायचं ते कळलं, एवढंच ती म्हणाली.

घराबाहेर मेलेल्या माणसाला घरी आणावं लागतं, नाहीतर तो तिथेच भटकत राहतो. बोरीच्या जातीच्या एका काटेरी झाडाची फांदी घेऊन तो मेला किंवा त्याचं प्रेत पडलं त्या जागी जायचं, फांदी जमिनीला लावून त्याला नावाने बोलवायचं. परत येताना फांदी धरणाऱ्याने त्याच्याशिवाय कोणाशीही बोलायचं नाही. शेअर टॅक्सीत त्याची वेगळी जागा ठेवायची, त्याचं तिकीट काढायचं. मामबाथाचा नवरा केव्हाच गेलेला, भाऊ गुडघ्यांनी अधू, म्हणून बरोबर मी गेलो. नदीच्या मुखाशी वारा इतका होता की तिची हाक तिलाच ऐकू येत नसेल. येताना रिकाम्या जागेवर कोणी बसू नये म्हणून मी हात आडवा धरला होता. पोरगेल्या ड्रायव्हरने विचारलं की हा पाहुणा पट्टा लावणार का. मागच्या सीटवरच्या एका बाईने त्याच्या आईचा असा काही उद्धार केला की घर येईपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. मामबाथाने फांदी गोल झोपडीत मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी ठेवली. बकरा कापला.

पण तिला चैन पडेना. वर्षाच्या आत ती पुन्हा जाऊन आली. त्यानंतर एका सकाळी ती माझ्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती आणि मुझी आमचं गॅसचं नळकांडं घेऊन आला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याशीच बोलत होती; गावात मला सगळे थिशा, म्हणजे मास्तर, म्हणतात.

"थिशा, काल पुन्हा स्वप्नात आला. दारातच उभा राहिला, आत येत नाही. आणि कोरडा आहे. नदीत टाकलेला माणूस ओला नसणार का?"

मुझीने नळकांडं खाली ठेवलं, बसवायचं विसरला आणि तसाच गेला. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटवून स्वयंपाक झाला.

काही दिवसांनी तो तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मा, पुन्हा एकदा जाऊ या, माझ्या गाडीतून. तिने फांदी तोडायला कोणाला तरी पाठवलं आणि मला निरोप दिला.

नदीच्या पुलाच्या बऱ्याच अलीकडे मुझीने गाडी मोठ्या रस्त्यावरून खाली घेतली. दोन्ही बाजूंना ऊस. एका बंद पडलेल्या पंपाच्या चौथऱ्याजवळ तो उतरला, उसाच्या चार ओळी ओलांडून उभा राहिला आणि टोपी काढली. मामबाथाने विचारलं, "इथे?" त्याने मान डोलावली. तिने फांदी जमिनीला लावली. इथे वारा नव्हता. "स्कुम्बुझो, मी आई. चल बाळा घरी." एवढंच. तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.

परतताना ती मुझीच्या बरोबर मागे बसली, शेजारी स्कुम्बुझोची जागा. मुझीशी किंवा माझ्याशी तिला बोलता येत नव्हतं. ती मुलाशीच बोलत होती: आता मोठा रस्ता आला, आता साखर कारखाना आला, इथे तुझी आत्या राहायची. मग त्याच सुरात म्हणाली, "गाडी चालवतोय तो झोंदींचा मुझी. तू ओळखतोस. घाबरू नकोस, आज तो घरीच नेतोय. तुझी हाडं अजून तिथे उसाखाली, त्याच्याच हाती आहेत. तिथला ऊस दर हिवाळ्यात पेटवतात. तीही तो देईल. मी कोणाला सांगणार नाही, तोच सांगेल." मुझीच्या हातात गाडी जराही डळमळली नाही.

मग तो माझ्याकडे येऊ लागला. हळूहळू कळलं, की ते शेत कॅप्टनच्या मेहुण्याचं. तिथे खोदाखोद नको म्हणून कॅप्टनने नदी सांगायची असं ठरवलं होतं. चौघांचा वकील एकच. एकाचा शब्द इकडचा तिकडे झाला तर चौघेही तुरुंगात जाऊ, असं कॅप्टनने बजावलं होतं. "थिशा, खरं सांगितलं तर मी खोटं बोललो होतो हे शाबीत होतं आणि माफी जाते," मुझी म्हणाला. "खोटं धरून बसलो तर मी मोकळा. हा कसला कायदा?" मी म्हणालो, कायदा सरळ आहे, तू त्यात वाकडा शिरलास. त्याला राग आला नाही. घरी त्याच्या बायकोने ओळखलंच होतं. ती म्हणे, दुसऱ्याच्या पोराला घरी आणलंस, आता तू आत गेलास तर आपल्या पोरींनी माहेरी कोणाकडे यायचं?

पोलीस चौकीत जाऊन सांगतो म्हणायचा आणि जात नसे. रस्त्यात मामबाथा दिसली की गाडी दुसऱ्या गल्लीने काढायचा. ती मात्र कुठे गाठ पडलीच तर त्याला नमस्कार करायची, नाव घेऊन, सगळ्यांसमोर. मला वाटतं, तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

हिवाळा आला. ऊसतोडीआधीच्या आगी सुरू झाल्या, उसाची काळी राख उडत आमच्या अंगणापर्यंत यायला लागली. मामबाथाची धुतलेली चादर काळी झाली. तिने ती तारेवरून काढली नाही, तशीच राहू दिली. मुझीच्या घरातून ती समोर दिसायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो इस्त्रीची पँट घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला, चला थिशा, माझ्याबरोबर चौकीत. चौकीतली पोलीस मुलगी माझीच विद्यार्थिनी निघाली. तिने दोन वेळा विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत आहे ना तुम्ही काय सांगताय ते?" तो म्हणाला, माहीत आहे.

हाडं त्याने सांगितल्या जागीच निघाली. मामबाथाने ती आपल्या अंगणात नवऱ्याशेजारी पुरली. मुझी आला नाही, त्याला कोणी बोलावलंही नव्हतं. लोक तिला म्हणाले, शेवटी त्याने दिलं तरी. ती म्हणाली, "दिलं कुठे? ते त्याचं नव्हतं. माझंच होतं."

कॅप्टन आणि सार्जंटांनी वकिलामार्फत कळवलं, की आमच्या माहितीप्रमाणे प्रेत नदीतच सोडलं. झोंदीने परस्पर काही केलं असेल तर ते त्याचं त्याने बघावं. माफी रद्द करण्याचा सरकारचा अर्ज आला तो एकट्या मुझीच्या नावाने, खुनाचा खटलाही त्याच्यावरच. कॅप्टन समुद्रकाठच्या आपल्या घरात झोपेत वारला. एका सार्जंटची साक्ष अजून व्हायची आहे, तो आजारी असतो. खटल्याला तारखा पडत राहतात. मुझीची बायको मुलींकडे राहायला गेली.

मुझी जामिनावर आहे. दर सोमवारी चौकीत जाऊन सही करतो. जिल्ह्याबाहेर जायची परवानगी नसल्यामुळे गाडीचं भाडं आता जवळपासचंच घेतो.