ताईच्या पायाचं माप

उस्तादांच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू होता, आणि तोही चढावर. माणसाला एवढा श्वास पुरतो कुठून, देव जाणे.

"ताई, पाय उचल की जरा! या चालीने आपण पोचेपर्यंत देव निवृत्त झालेला असेल."

"आलेच रे," ताई मागून म्हणाली.

अकरा दिवसांच्या पायी यात्रेचा हा तिसरा दिवस. उस्ताद म्हणजे बूट शिवणारे, वय एकसष्ट. गल्लीने 'उस्ताद' ही पदवी अर्धी कौतुकाने, अर्धी चिडवायला दिलेली. यांनी मात्र ती सगळीच्या सगळी कौतुकाची म्हणून घेतली. माणूस लांबून चालत येताना दिसला, की त्याचा बूट कुठे चावतोय ते आपण सांगतो, ही त्यांची फुशारकी. आणि खोटं कशाला बोला, ती खरीही होती. आजसुद्धा वाटेत भेटलेल्या एका शाळामास्तरांना अडवून त्यांनी सुनावलं होतं, "डावी टाच आतून झिजलीय तुमची. मुक्कामी दाखवा मला." मास्तर बघतच राहिले.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे नऊ वर्षांचे, तिनेच वाढवलं. पुढे इस्पितळाच्या धुलाईघरात तिने तीस वर्षं उभ्याने काढली. ही वाट पायी चालायची हे तिच्या मनात विशीपासून होतं. आधी भावाचं पोट, मग भावाचं दुकान, मग नवऱ्याचं दुखणं. दरवर्षी काही ना काही आडवं यायचंच. आता डॉक्टरांनी गुडघे बघून सांगितलं होतं, यंदा जमलं तर जमलं, पुढच्या वर्षीचं नाव काढू नका. म्हणून उस्तादांनी तिच्यासाठी स्वतः बूट शिवले. मऊ तपकिरी चामडं, दुहेरी शिलाई. असा जोड आपल्या हातून आजवर झाला नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवून झालं होतं.

दुपारपर्यंत ताई इतकी मागे पडली की दिसेनाशीच झाली. उस्तादांचेही गुडघे कुरकुरत होते, पिशवीने खांदे भरून आले होते, जीव नुसता मेटाकुटीला आला होता. ते चरफडत पाण्याच्या नळाशेजारी कठड्यावर बसले आणि ती आली की काय काय सुनवायचं, याची मनात जुळवाजुळव करू लागले.

तेवढ्यात ती वळणावरून आली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिला समोरून चालत येताना पाहिलं. एरवी स्वारी सदा चार पावलं पुढे! उजवं पाऊल ती बाहेरच्या कडेवर टाकत होती, डावं जेमतेम टेकवत होती. परक्याचं असतं तर शंभर पावलांवरून ओळखलं असतं त्यांनी.

"बस. बूट काढ."

"काही नाही रे, थोडंसं..."

"ताई, काढ म्हणतोय ना!"

मोजा कातडीला चिकटला होता. पाणी ओतून ओतून तो सोडवावा लागला. अंगठ्याच्या बुडाशी हाड अर्ध्या लिंबाएवढं बाहेर आलेलं, त्यावरची साल गेलेली, करंगळीचं नख काळं पडलेलं. मुक्कामावर बायकांची खोली वेगळी असायची. तिथे ही बाई रोज काय काय बांधत होती कुणास ठाऊक.

दुकानाच्या फळीवर ताईच्या पायाचा लाकडी साचा, म्हणजे फर्मा, होता. वीस वर्षांपूर्वी करून ठेवलेला, पण त्यावर जोड कधी झालाच नव्हता. त्याच्यावरच उस्तादांनी आता हे बूट ओढले होते. कुठल्याही सोम्यागोम्याचा पाय ते कागदावर ठेवून दोन-दोनदा पेन्सिल फिरवायचे. पण ताईचा पाय काय मोजायचा? घरचाच तर पाय! त्या पायाचं या वीस वर्षांत काय झालं, हे त्यांनी एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

"कधीपासून टोचतायत?"

"दुकानात घालून बघितले ना, तेव्हापासून."

"आणि ब्र काढला नाहीस? अगं, दोन दिवसांत दुसरा जोड केला असता मी!"

ताईने पदराने कपाळ पुसलं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी केलंस. त्याला कुठे नावं ठेवू?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने अगदी साधेपणाने सांगितलं. उस्तादांना वाटलं, आपल्याला कुणीतरी चांगलं बदडून काढावं.

त्यांनी पिशवीतून चामडं कापायची रापी काढली. ताईने बूट छातीशी धरला. "कापू नको रे. इतके सुंदर झालेत."

"दे इकडे."

हाडापाशी त्यांनी दोन्ही बूट उभे चिरले, शिलाईसकट. ताईने जखमेवर फडकं गुंडाळून बूट चढवले, कठड्याला धरून उभी राहिली आणि लगेच हसली. "बघ, आता काही दुखत नाही. चल."

उस्ताद जागचे हलले नाहीत. "खाली बस. अकराचे पंधरा दिवस होऊ देत, वीस होऊ देत, मला घाई नाही. पण खरं सांग."

ती बसली. आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

"दुखतंय रे," ती म्हणाली. "फार दुखतंय."