डोझर बघायला गेलो तेव्हा

खाडीलगतचं शेत दुरुस्त करायला जुना चेनचा डोझर घ्यायचा म्हणून मी आणि भाऊ पेणहून रोह्याजवळ वरसेला गेलो. इंजिन थंड असताना कसं सुरू होतं ते बघायचं होतं, म्हणून आम्ही येईपर्यंत चालू करू नका, असं मालकाला फोनवर बजावलं होतं. पोचल्यावर बॉनेटला हात लावला तर चटका बसला.

"जरा सावलीत घेतला," मालक म्हणाला.

मागच्या खेपेला त्याच्याकडे आलो तेव्हाही हेच झालं होतं. मी चिडून म्हटलं, "मग आता डावीकडे वळवून दाखवा."

त्याने दांडा ओढला. डोझर सरळच गेला आणि कुंपणात घुसला.

"वापरात नाय ना, म्हणून अडकतो," तो शांतपणे म्हणाला.

परतताना नागोठण्याला चहाला थांबलो, तेवढ्यात त्याचा फोन आला. "मग कधी नेताय?"

मी फोन ठेवला.