तुटलेल्या मतदारसंघातलं माझं नाव

परवा सोसायटीत पक्षाच्या लोकांनी एक गुळगुळीत पुस्तिका वाटली. आमच्या जुन्या मतदारसंघाचा गौरवशाली इतिहास. पानोपानी हार घातलेली माणसं. नळाला पाणी कधी आलं, ते कुठेच नाही. मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं वाचता येतं.

यांचा इतिहास मला ठाऊक आहे. माण तालुक्यातून आलो तेव्हा उमेळ्यातल्या एका वाडीत केळींना पाणी सोडायचं काम मिळालं. मालकांनी राहायला खोली दिली, आणि स्वतः कचेरीत उभं राहून आपल्या पत्त्यावर मतदार यादीत माझं नाव घातलं. परक्या गावात तो माझा पहिला कागद. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पुढे लग्न झालं, फुलपाड्यात खोली घेतली. नाव हलवलं नाही. मतदारसंघ एकच, मग कशाला? आमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी हेच केलं होतं. मतदानाला उमेळ्याला जायचं, मालकांकडे चहा घ्यायचा, परत यायचं.

मग वर कुणीतरी नकाशावर रेघ मारली, मतदारसंघ तुटला. मालक त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. पुढच्या मतदानाला मी सवयीने उमेळ्याच्या शाळेपाशी गेलो. मांडवात टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्याला नाव सांगितलं, फुलपाड्याहून आलो म्हणालो. त्याने यादीवर बोट फिरवलं.

"काका, तुम्ही कटले. इथे राहत नाही ना? फुलपाडा आता दुसऱ्या मतदारसंघात."

"तिथे तरी असेल नाव?"

"तिकडे भरलाच नाही फॉर्म, तर कसं असेल?" माझा चेहरा पाहून तो हसला. "टेन्शन नका घेऊ." त्याने एक चिठ्ठी पुढे सरकवली. "हा म्हातारा गेलाय. यादीत आहे अजून. जा, याच्या नावाने मत टाकून या. आतला माणूस आपलाच आहे."

चिठ्ठीवर माझ्या मालकांचं नाव होतं.

जिवंत माणूस कापला, मेलेला ठेवला. ही यांची सेवा.

"हे माझे मालक होते," मी म्हणालो. "यांच्या नावावर मी बोटाला शाई लावणार नाही."

"अहो, मतदारसंघच मेला, तुम्ही माणसाचं काय घेऊन बसलात! बरं, फुलपाड्यात राहता कुठे? पत्ता सांगा."

घाबरून सांगितला. चिठ्ठी मात्र त्याच्यासमोर फाडली.

पुढे नव्या यादीसाठी तीनदा फॉर्म भरला. पत्ता त्या कार्यकर्त्याकडे होता; नाव येईपर्यंत दारावर कुणी थाप मारली, की आधी बायकोला उघडायला पाठवायचो.