कीळवायकालच्या शाळेचा प्रश्न

आमच्या अनिरुद्धमामांनी एकतीस वर्षं तंजावूरच्या कचेरीत उत्तरं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर प्रश्न लिहायला घेतले. दोन्हींनी त्यांना दमवलं, पण प्रश्नांनी जास्त.

हे जरा उलगडून सांगायला हवं. विधानसभेत आमदार प्रश्न विचारतो आणि मंत्री उत्तर देतो, असं आपण टीव्हीवर पाहतो. खरं तर प्रश्न आमदार लिहीत नाही आणि उत्तर मंत्री लिहीत नाही. चेन्नईत दाखल झालेला प्रश्न खात्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे असा उतरत उतरत शेवटी एखाद्या कारकुनाच्या टेबलावर येऊन पडतो, ‘आज चारपर्यंत’ असा शेरा घेऊन. तो बिचारा लिहितो, आणि त्याचं लिहिणं पाच-सहा सह्या गोळा करत पुन्हा वर चढतं. मामा ते बिचारे. ‘विचारलं तितकंच सांगावं, सांगितलेलं खोटं नसावं, आणि वाचणाऱ्याला काही कळू नये’, ही उत्तराची व्याख्या त्यांचीच. मी पुण्यात वाढून इथल्या कॉलेजातल्या नोकरीसाठी परत आलेला भाचा. मला ती ऐकून हसू यायचं. मामा मात्र हसायचे नाहीत.

निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत आमदारांनी त्यांना बोलावून घेतलं. आमदार माणूस वाईट नव्हे. लग्नं, कान टोचण्याचे समारंभ आणि मयती यांतून त्यांना वाचायला सवड मिळत नाही, एवढंच. मामा रोज दहाला त्यांच्या कार्यालयात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि लिहायचे. रेशनच्या दुकानात तूरडाळ तीन महिने का नाही? आरोग्य केंद्रात संध्याकाळी डॉक्टर का नसतो? अमुक गावाची बस कुणी बंद केली? चार वर्षांत त्यांनी दोनशेवर प्रश्न लिहिले. त्यांतल्या बहुतेकांना ‘विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं. हे दोन शब्द त्यांनी स्वतःच नोकरीत असताना हजारदा लिहिले होते, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. घरी येऊन ते पायऱ्यांवर बसायचे, चपला काढायलाही पाच मिनिटं घ्यायचे.

वत्सलामामीचं दमणं वेगळं. ती पापनाशमपलीकडच्या कीळवायकाल या खेड्यात पंचायतीच्या शाळेवर मुख्याध्यापिका. सकाळी सातची बस, मग भाताच्या शेतांमधून शेअर ऑटो, मग कालव्याच्या कडेने पंधरा मिनिटं चालत. शाळेत दोन शिक्षक असायचे. दुसरे निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच नाही. अडीच वर्षं मामी एकटी पाच इयत्ता एकाच खोलीत शिकवत होती. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तिसरीला पाढे, आणि मध्येच जाऊन दुपारच्या जेवणातली अंडी मोजायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि गुडघे आधीच निवृत्त झाले होते.

तिच्याकडे बघवेना म्हणून मामांनी ठरवलं की या अधिवेशनात दुसऱ्या शिक्षकाचा प्रश्न घालायचा, तोही तारांकित. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उलट पुरवणी प्रश्न विचारता येतात.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेलो होतो. मामी पायांना तेल चोळत बसली होती.

‘‘नको हो,’’ ती घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत म्हणाली. ‘‘आमची शाळा त्यांच्या लक्षांत नाही, तेंच बेस आहे. विचारायला गेलां की मोजतील.’’

‘‘मोजूं देत की. मोजल्याविना शिक्षक देतील कसे?’’ मामा म्हणाले. ‘‘अगे, प्रश्न असा बांधतों की पळायला वाटच नाही.’’

‘‘पळायचं कोणीं? त्यांनीं की आम्हीं?’’

मामांनी ते ऐकलं नाही. कसे ऐकतील? उत्तरात कुठून निसटायचं हे एकतीस वर्षं शिकलेला माणूस. प्रश्न लिहिताना तो सगळी भोकं बुजवणारच. नुसतं ‘शिक्षकाची जागा रिक्त आहे काय’ असं विचारलं तर ‘होय’ एवढंच उत्तर येतं. म्हणून त्यांनी चार पोटप्रश्न केले: जागा कधीपासून रिक्त आहे, कारण काय, कधी भरणार, आणि सध्या पटावर किती मुलं आहेत. शेवटचं कलम कशाला, असं मी विचारलंही. ‘‘नाहीतर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ लिहून मोकळे होतात, गिरीश. पटाचा आकडा हातीं असला म्हणजे ती सबब चालत नाही.’’ मला ते पटलं. आज स्वतःची लाज वाटते, पण पटलं.

प्रश्न चेन्नईला गेला आणि नेहमीच्या पायऱ्या उतरत तीन आठवड्यांनी गटशिक्षण कार्यालयात आला. तिथल्या कारकुनाला कीळवायकाल कुठे आहे हेही ठाऊक नसावं. त्याने तो तसाच मुख्याध्यापिकेच्या फोनवर पाठवला: ‘आज चारपर्यंत.’ म्हणजे नवऱ्याने लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर बायकोने लिहायचं. एका हाताने पहिलीच्या पाट्या तपासत तिने ते लिहिलं.

संध्याकाळी मामांनी विचारलं, ‘‘पटावर किती लिहिलंस?’’

‘‘अकरा. आहेत तितकींच.’’

कचेरीत ज्यांनी कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, ते मामा खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘पंधरा लिहिलं असतंस तर?’’

‘‘आणखी चार लेकरं कुठून आणूं? तुमच्या आमदाराच्या आफिसांतून?’’

तिथे विषय संपला. दोघंही जेवायच्या वेळी एकमेकांकडे न बघता जेवले, असं मामीनेच मला नंतर सांगितलं.

प्रश्न सभागृहात आला त्या सकाळी मी कॉलेजला दांडी मारून मामांबरोबर टीव्हीपुढे बसलो. आमदार नव्या पांढऱ्या शर्टात उभे राहिले आणि प्रश्नाचा क्रमांक म्हणाले. मंत्री उठले. कीळवायकालचं नाव त्यांनी दोनदा चुकून तिसऱ्यांदा नीट उच्चारलं. जागा अमुक तारखेपासून रिक्त आहे, म्हणाले. पटावर अकरा मुलं आहेत, म्हणाले. इतक्या कमी पटाला दुसरा शिक्षक देता येत नाही. इतकंच काय, सन्माननीय सदस्यांनी ही बाब निदर्शनास आणल्याबद्दल त्यांचे आभार मानून, ही शाळा तीन किलोमीटरवरच्या शाळेत विलीन करण्याचे आदेश देण्यात येतील, म्हणाले.

मामांनी आमदारांच्या खिशात तीन पुरवणी प्रश्न लिहून ठेवले होते. पहिलीच्या मुलाने तीन किलोमीटर कसं जायचं, हा त्यांतला पहिला. मामांना कुठेतरी धास्ती असणारच. मामा खुर्चीच्या कडेवर आले. ‘‘काढा, कागद काढा,’’ असं टीव्हीला तमिळमध्ये सांगू लागले. आमदारांनी हात जोडून मंत्र्यांचे आभार मानले आणि आपल्या मतदारसंघाला एक कला महाविद्यालय मिळावं अशी विनंती केली. बाकं वाजली. मला इतका संताप आला की मी टीव्ही बंद केला. मामांनी तो पुन्हा लावला आणि पुढचे प्रश्न शेवटपर्यंत ऐकले, रस्त्यांचे, विहिरींचे, कुणाकुणाचे. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं म्हणतात. पण ज्याच्या हातून होतं त्याचा चेहरा बघितला की ती म्हण तोंडातून निघत नाही.

मे महिन्यात, सुट्टीत, दोन आदेश एकदमच आले. शाळा विलीन. मुख्याध्यापिकेची बदली तंजावूर शहरात, घरापासून चालत दहा मिनिटांवर.

आणि आमच्या गल्लीने मामांचं अभिनंदन केलं! अगदी मनापासून. समोरचे वरुणराव, स्वतः निवृत्त तहसीलदार, कौतुकाने मान हलवत म्हणाले, ‘‘अस्कींनीं, सगळ्या गल्लीनं, तुमच्याकडून शिकावं, अनिरुद्धराव. बायकोची बदली करायला कोण मंत्र्याला उभं करतो हो?’’ मामा हसले. ते हसले याचाच मला राग आला. आत गेल्यावर मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, ‘‘खरं सांगितलं तर त्यांस आणखी मोठी मौज वाटेल.’’ मामीच्या गुडघ्यांची सुटका झाली होती आणि तिला त्याची शरम वाटत होती.

जून उजाडायच्या आधी मामा म्हणाले, कीळवायकालला जाऊन लोकांना आपल्या तोंडाने सांगायला हवं. मी बरोबर गेलो. भर दुपारी बसने पापनाशम, मग ऑटो, मग कालव्याकडेची ती वाट. मामा त्या वाटेने पहिल्यांदाच चालले. मामी रोज इथून जायची, हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. दोनदा थांबून त्यांनी कपाळ पुसलं.

शाळेला कुलूप होतं. समोरच्या घरातून अलमेलु बाहेर आली. तिची मुलगी पहिली पास होऊन दुसरीत जाणार होती. टीचरचे यजमान आले म्हटल्यावर तिने नारळ फोडून पाणी दिलं, आणखी दोन-तीन बायांना हाक मारली. सगळ्या खूश होत्या. आमच्या गावाचं नाव विधानसभेत घेतलं, टीव्हीवर घेतलं, नावापुरता तेवढा तुकडा आम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिला, असं त्या सांगत होत्या. आदेश त्यांच्यापर्यंत आलाच नव्हता.

‘‘अय्या, मग दुसरे सर कधी येणार?’’ अलमेलुने विचारलं. अय्या म्हणजे तमिळमधलं ‘साहेब’.

मामांनी नारळ खाली ठेवला आणि साध्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. प्रश्न मी लिहिला. मुलं किती ते मीच विचारायला लावलं. शाळा आता उघडणार नाही. मुलांनी कालव्यापलीकडच्या शाळेत जायचं. काही लपवलं नाही की स्वतःची बाजू मांडली नाही. मला वाटलं, आता बाया ओरडतील; निदान एखादी तरी. कुणी ओरडलं नाही. एकीने डोक्यावर पदर घेतला आणि ती घरात निघून गेली.

अलमेलुने एकदा कुलपाकडे पाहिलं. मग समजुतीच्या सुरात, लहान मुलाला वाट दाखवावी तशी, म्हणाली, ‘‘मग आणखी एक प्रश्न लिहा ना, अय्या. या सहा वर्षांच्या पोरीला कालव्याच्या कडेने रोज कोण नेणार, एवढंच विचारा.’’

‘‘ते होत नाही, अम्मा,’’ मामा म्हणाले. ‘‘एकदा उत्तर दिलेला विषय पुन्हा विचारू देत नाहीत. नियम आहे.’’

‘‘पण उत्तर कुठे दिलं त्यांनी?’’