मी मनोबलाने घालवलेली खाज

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. नाकात जाईल!

दहिवलीत माझी भाताची गिरणी आहे. आणि मला ॲलर्जी कशाची? कोंड्याच्या धुळीची! पट्टा फिरला की मानेपासून घोट्यापर्यंत लाल गांधी उठायच्या. रोज गोळी गिळायची आणि धंदा रेटायचा. शेवटी कर्जतचे डॉक्टर म्हणाले, “तुमचं शरीर धुळीला शत्रू समजतंय. जिभेखाली थेंब देऊन हळूहळू त्याची समजूत घालू. नाहीच जमलं, तर गिरणी सोडावी लागेल. पण आधी टेस्ट. त्यासाठी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद!”

गिरणी सोडून काय टाळ कुटू?

घरी एवढंच म्हणालो, “आजपासून गोळ्या सोडल्या.” टेस्टचं बोललोच नाही. बायकोचे शंभर प्रश्न कोण ऐकणार?

पहिले दोन दिवस विचारू नका! बसलो की उठायचो, उठलो की चौकटीला पाठ घासायचो. जेवताना एक घास, दोनदा खाजव!

“अवो, एका जागी बसा की! रेड्यासारखं घासताय. दाराचा रंग गेला!” सुनंदा, म्हणजे आमची बायको, ओरडली.

“मनावर ताबा आहे माझा,” मी म्हणालो, पाठ घासत.

आणि तिसऱ्या दिवशी चमत्कार! खाज गायब! थेंब नाहीत, गोळी नाही, नुसतं मनोबल! मी कोंड्याच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसलो. येईल त्याला उपदेश. “धूळ आपलीच हाय, असं अंगाला बजावायचं.” कुंभिवलीचा टेंपोवाला तर पाया पडला हो!

टेस्टला डॉक्टरांनी हातावर वेगवेगळे थेंब ठेवून टोचलं. एकही गांध उठेना.

“बघा! बरा झालो!”

“हा शेवटचा थेंब धुळीचा नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्यानं सगळ्यांनाच गांध उठते. तुम्हाला तीही नाही उठली. म्हणजे गोळी चालू आहे तुमची.”

“आईशप्पथ नाही!”

सोबत आलेली सुनंदा पंख्याकडे बघत होती.

“मीच घालते रोज, ताकात. यांच्या घासण्यानं घर हलत व्हतं! टेस्ट हाय, हे मला आज रिक्षात कळलं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पुन्हा आठवडा. पहिल्यापासून.”

गिरणीवर परतलो, तर टेंपोवाला चौघांना घेऊन बसलेला. सगळे खाजवतायत.

“दादा, यांना पण तुमचा उपाय सांगा ना!”

सुनंदा तोंडाला पदर लावून हसतेय.

“मन खंबीर ठेवा,” मी म्हणालो. “आणि ताक पिण्याआधी बायकोला विचारा, त्यात काय हाय!”